पश्चिमेकडचा तणावा

४ फेब्रुवारी

ती. मामा,

आज कोणाशी तरी बोलल्याशिवाय झोप लागणार नाही आणि आईशी बोलायची सोय नाही. तिला यातलं कळलं तर उद्यापासून ती मला डोंगरावर पाऊल टाकू देणार नाही. तेव्हा हे आपल्या दोघांतच राहू द्या.

आपल्या हौशी रेडिओ क्लबचा डोंगरावरचा रिपीटर बिघडलाय. म्हणजे चालतो, पण मध्येच आपला आपण बोलायला लागतो. कोणी बटण दाबलेलं नसतं, वाट मोकळी असते, आणि एकदम खरखर सुरू होते. थांबते, पुन्हा येते. परवा क्लबातले दातांचे डॉक्टर नेहमीप्रमाणे रेडिओवरून सगळ्यांची चौकशी करत होते, तर त्यांचं अर्धं वाक्य त्या खरखरीत बुडालं. ते म्हणाले, "कोणीतरी माझ्या खुर्चीत बसून सूड उगवतंय." सगळे हसले. मी हसले नाही, कारण माझ्या दुकानातल्या सेटवर दिवसभर तो आवाज मी ऐकतेय.

क्लबच्या चिटणीसांचं म्हणणं, हा कोणाचा तरी खोडसाळपणा आहे. गेल्या वर्षी क्लबशी भांडून गेलेले ते आगलावे गृहस्थ, त्यांचंच काम. "त्याला डोंगरावर सेट लावून बसलेला पकडा," असं मला सांगून ते मोकळे झाले. पकडा म्हणे! मी काय पोलीस आहे?

तरी आज गेले. डोंगरावरच राहणारा पंपवाला गावाच्या पाण्याच्या टाकीपलीकडे व्हॉल्व्ह फिरवत होता. त्याची बायको आणि मुलगी खोलीत होत्या. मी एकटीच आपल्या रिपीटरच्या कोठीकडे वळले, तर कुलूप नुसतं अडकवलेलं. मामा, ते मी स्वतः लावलं होतं, ओढून बघितलं होतं. आत गेले. दिवा लावायला हात वर केला आणि सेटमधला रिले टक्कन वाजला. लाल दिवा लागला. आणि कोठीतल्या स्पीकरमधून तो आवाज आला. दुकानात ऐकणं वेगळं, तिथे अंधारात ऐकणं वेगळं. पत्रा कोणी नखांनी खरवडावा तसा. मग थोडा थांबून, दम घेतल्यासारखा, पुन्हा. मला वाटलं माझ्या मागे कोणीतरी उभं आहे आणि मी आता काय करते ते बघतंय.

मी पळाले. अवजारांची पिशवी तिथेच टाकून पळाले, कुलूपही लावलं नाही. पंपवाल्याच्या बायकोने विचारलं, "काय झालं हो?" मी म्हटलं, "काही नाही, उशीर झालाय." तिच्या मुलीने माझा हात धरला. त्या पोरीला मागे एकदा मी सांगितलं होतं की रिपीटर म्हणजे डोंगरावर उभी असलेली एक मोठ्या आवाजाची बाई. खालच्या एका गल्लीतलं बोलणं ऐकते आणि तेच ओरडून दुसऱ्या गल्लीला सांगते. आज ती मला म्हणाली, "तुमची बाई आजारी आहे का?"

एकविसाव्या तारखेला रविवारी सायकल शर्यत आहे. घाटात वळणावळणावर आपली माणसं उभी राहणार आणि कोणी पडलं, लागलं, तर रुग्णवाहिका बोलावणार ती आपल्याच रिपीटरवरून. त्याआधी हे निस्तरायला हवं.

तो तुम्ही उभा केलेला. तुमचे कान गेल्यापासून तो माझ्या गळ्यात आहे आणि मला आजवर त्याची भीती कधी वाटली नव्हती. आता वाटते. काय करू?

तुमची,
ठिणगी


९ फेब्रुवारी

चि. ठिणगे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मामा म्हणून, दुसऱ्यांदा मेकॅनिक म्हणून. मामाला काळजी वाटली. मेकॅनिकला राग आला, कारण पानभर भीती लिहिलीस आणि कामाची एक ओळ नाही.

त्या आगलाव्याचं आधी मिटवू. त्याला मी चांगला ओळखतो. कोठीत पाल दिसली म्हणून हा माणूस सेट चालू ठेवून बाहेर आला होता आणि दिवसभर आत गेला नव्हता. तो डोंगरात दडून बसणार? सोडून दे.

कुलपाचं मात्र पंपवाल्याला सरळ विचार. मनात कुढत बसू नकोस. आणि यापुढे कोठीत एकटीने जायचं नाही, त्याच्या बायकोला दारात उभी कर.

आता आवाज. मला ऐकू येत नाही, तेव्हा माझे कान तू व्हायचंस. पुढच्या वेळी घाबरून का होईना, पण उभी राहा आणि ऐक. मला एवढंच हवंय: रिपीटर गप्प असताना ती खरखर असते, की तो बोलायला लागला की मगच सुरू होते? आधी एरियलची केबल काढ, तिच्या जागी ते तेलाचा डबा जोडलेलं, लहरी बाहेर न सोडणारं खोटं एरियल लाव, आणि बटण दाबून बघ. आवाज गेला तर सेट निर्दोष, दोष वर किंवा बाहेर. मग केबल परत लाव. प्रक्षेपण बंद ठेव, नुसतं ऐक. शांत असेल तर समज की कोणी बाहेरून येत नाही. तो स्वतःच बोलतो आणि स्वतःचाच आवाज कशावर तरी आपटून त्याच्या कानात शिरतो. असं होतं ते बहुतेक वेळा गंजलेल्या धातूमुळे. दोन लोखंडं एकमेकांना धड चिकटलेली नाहीत, धड सुटलेली नाहीत, नुसती घासतायत. जवळ जोरदार प्रक्षेपण असलं की त्या घासण्यातून नको ते आवाज तयार होतात. पत्रा, साखळी, मनोऱ्याचा नट, काहीही असू शकतं.

वारा असताना वाढते का, तेही बघ.

इथे माझं बरं चाललंय. माझी लेक, तुझी ताई, दवाखान्यातून आली की कागदावर सगळ्या बातम्या लिहून देते. तिचं अक्षर नर्सचं कमी आणि डॉक्टरचं जास्त. बाकी घर शांत. फार शांत. सकाळी उठून पहिल्यांदा भांडं खाली पाडतो आणि त्याचा आवाज येतो का बघतो, हे तिला सांगू नकोस.

काळजी घे. उत्तर लगेच पाठव.

मामा


१७ फेब्रुवारी, बुधवार

ती. मामा,

आधी चोर सापडल्याची बातमी. कुलूप उघडणारा दुसरा कोणी नसून खुद्द पंपवाला! कोठी कोरडी आणि ऊबदार असते म्हणून त्याने आपले कांदे पोत्यात भरून तिथे ठेवले होते. दुसरी किल्ली क्लबनेच त्याला कधीकाळी दिलेली. मी विचारल्यावर बिचारा इतका ओशाळला की मला अर्धी टोपली कांदे घ्यावेच लागले. म्हणजे त्या दिवशी अंधारात माझ्या मागे जे उभं होतं ते कांद्याचं पोतं होतं. खुशाल हसा.

आता आवाज. तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. खोट्या एरियलवर सेट एकदम स्वच्छ. खऱ्या एरियलवर, प्रक्षेपण बंद ठेवून, स्वच्छ. प्रक्षेपण सुरू केलं की खरखर. आणि वारा पडला की जाते, उठला की येते. म्हणजे माणूसबिणूस कोणी नाही. मामा, मी कोठीच्या दारात बसून रडले. इतके दिवस मानेवर काहीतरी बसलं होतं ते उतरलं.

मग मनोऱ्याभोवती फिरून हात लावून लावून बघितलं. मनोरा ताणून धरणाऱ्या तारांपैकी पूर्वेचे तणावे घट्ट, दक्षिणेकडचेही. पश्चिमेकडचे मात्र ढिले. वाऱ्याने हलले की तळाशी त्यांच्या कड्या आडव्या पट्टीवर घासत होत्या, तिथे गंज खरवडून चकाकी आलेली. हाच आपला खरवडणारा! खालचे ताणाचे स्क्रू फिरवून तारा चांगल्या ताठ केल्या. खरखर गायब. त्या दिवशी डॉक्टरांनी रिपीटरवर जाहीर केलं की रोगी बरा आहे आणि दात काढायची गरज नाही.

पण काल पुन्हा थोडी सुरू झाली. आज जाऊन पाहिलं, तर त्याच तारा परत सैल. जुन्या तारा आहेत, ताण दिल्यावर लांबत असतील. पुन्हा आवळल्या, यावेळी पाना पूर्ण लावून. पंपवाल्याची बायको म्हणाली, "बरं केलंत, माझी दोरी जमिनीला लागत होती." तिने कपडे वाळत घालायची दोरी आपल्या त्याच तणाव्याला बांधली आहे. या महिन्यात तिला ती दोनदा आखडावी लागली म्हणे. मी तिला रागावणार होते, पण तो तणावा जमिनीत पुरलेल्या ज्या गजाला बांधलाय त्याच्या भोवती तिने इतकी सुंदर पालेभाजी केलीय! टाकी भरून वाहिली की नळाचं पाणी तिकडेच येतं, त्यामुळे जमीन बारा महिने ओली. कांद्याच्या जोडीला तीही जुडी मिळाली.

खालचं सगळं ठीक दिसतंय. तेव्हा दोष वरच्या कड्यांत किंवा एरियलच्या जोडात असणार. रविवारी शर्यत सुरू व्हायच्या आधी सकाळी लवकर वर चढून ते जोड घट्ट करणार आहे. सोबत हवी असं तुम्ही म्हणाल; पंपवाला खाली असेल. पट्टा नवा आहे. आईला सांगितलंय की क्लबच्या चहापानाला जातेय.

तुमच्यामुळे भीती गेली. हे पत्र जलद टपालाने टाकते.

तुमची,
ठिणगी


२१ फेब्रुवारी, रविवार सकाळ

ठिणगे,

हे पत्र तुला वेळेवर मिळणार नाही. माहीत असून लिहितोय, कारण दुसरं काही करण्यासारखं राहिलेलं नाही आणि स्वस्थ बसवत नाही.

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. वाचताना तणाव्यांपर्यंत मी खूश होतो. मग ती कपड्यांची दोरी आली आणि ती ओळ मी पुन्हा वाचली.

अगं, तारा लांबत नाहीत. इतक्या वर्षांनी पोलादी तार महिन्यात दोनदा लांबत नाही. तार आहे तशीच आहे. तिचं दुसरं टोक वर येतंय. जमिनीत पुरलेला तो गज मातीतून सरकतोय. आम्ही तो रोवला तेव्हा तिथे कोरडा मुरूम होता, सुरुंग लावावा लागेल असं वाटलं होतं. टाकीचा वाहता नळ तिकडे कधी वळवला देव जाणे. बारमाही ओल म्हणजे तो आत कुजलाय. वरून दिसणार नाही. वरचा भाग चकचकीत असेल, कुजतो तो मातीखाली. आणि तू त्याच्यावर पाना पूर्ण लावून ताण दिलास. तुझी चूक नाही, कोणीही तेच केलं असतं. पण आता त्या मनोऱ्यावर तुझं वजन चढलं तर—

ताईने काल तुझ्या दुकानात पुन्हा पुन्हा फोन लावला. तिने मान हलवून दाखवली, वाजतोय आणि कोणी उचलत नाही. साहजिक आहे, शनिवारी संध्याकाळी दुकान बंद. घरी तुमच्याकडे फोन नाही. चिटणीसांचा जुना नंबर लागला तो कोणा दुसऱ्याच घरी. मग तिला रात्रपाळीला जावं लागलं. दवाखान्यातूनही प्रयत्न करते म्हणाली. ती दुपारपर्यंत येणार नाही.

पहाटे उठून माझ्या जुन्या सेटवरची चादर काढली. तुझी मामी गेल्यापासून त्याला हात लावला नव्हता. एरियलची तार अजून गच्चीवर आहे. रविवारी सकाळी शॉर्टवेव्हवर सगळीकडचे लोक गप्पांना जमतात, तुमचे डॉक्टरही असतात, एवढं आठवत होतं. सेट तापला, काटा हलला, आणि मी बोलायला लागलो. कोणाचं बोलणं चालू होतं का, मी कोणाच्या अंगावर पाय देत होतो का, काही कळायला मार्ग नाही. स्वतःचा आवाजही कळत नाही. मी जोरात बोलत होतो की पुटपुटत होतो? तुझ्या गावाचं नाव सांगितलं, डोंगर सांगितला, म्हटलं, "मला ऐकू येत नाही, उत्तर देऊ नका, नुसतं ऐका. मनोऱ्याचा पश्चिमेचा गज कुजलाय. माझी भाची त्यावर चढतेय. तिला खाली उतरवा. खालच्या खोलीतल्या माणसांना बाहेर काढा." हे म्हणायचो, थांबायचो, पुन्हा म्हणायचो. थांबलो की काटा हलायचा. म्हणजे कोणीतरी बोलत होतं. "ऐकलं" म्हणत होतं की "गप बस, म्हाताऱ्या" म्हणत होतं?

आता उजाडलंय. तू निघाली असशील.

मामा


२४ फेब्रुवारी

ती. मामा,

डाव्या हाताने लिहितेय, उजवा खांद्यापासून बांधलेला आहे. अक्षराला हसू नका. फोनवर तुम्हाला नुसतं एवढंच कळलं की मी आहे. आता सगळं लिहिते.

रविवारी उजाडताच पोचले. हवा बरी होती. वर चढताना अंगावर प्रक्षेपण नको म्हणून रिपीटर बंद केला, पट्टा बांधला आणि चढले. पहिल्या तणाव्यांच्या वर गेले तोवर काही वाटलं नाही. तिथे पट्टा अडकवून दम घेत होते. मग मनोऱ्यातून काहीतरी आलं. आवाज नव्हे. पायाखालच्या नळीतून टक्कन एक ठोका, दातात लागावा तसा. मी खाली बघितलं. सगळं जागच्या जागी. पंपवाल्याची बायको दारात स्टोव्ह पेटवत होती. मी स्वतःला म्हटलं, घाबरट कुठली, कांद्याच्या पोत्याला भ्यायलीस, आता याला भी. आणि आणखी वर गेले. पुन्हा ठोका. या वेळी समोरची टेकडी किंचित बाजूला सरकल्यासारखी झाली. टेकडी सरकत नाही, मामा. मला ते कळत होतं. पण हात सुटेनात. वरही जाववेना, खालीही. नळीला मिठी मारून डोळे मिटून उभी राहिले.

तेवढ्यात घाटातून गाडीचा हॉर्न. न थांबता, एकसारखा. मला वाटलं कोणाचा तरी हॉर्न अडकलाय. गाडी सरळ टाकीपाशी येऊन थांबली आणि डॉक्टर उतरले. पायात घरातल्या सपाता, अंगात झोपायचा सदरा. वर तोंड करून ओरडायला लागले. मला एकच शब्द कळला: "मामा! मामा!"

मला वाटलं, तुम्ही गेलात.

एवढीच गोष्ट डोक्यात आली आणि हात सुटले. कशी उतरले ते आठवत नाही. मधल्या पायऱ्या गाळल्या असणार. खाली आल्यावर डॉक्टरांचा सदरा धरून विचारलं, "कधी गेले?" ते म्हणाले, "अहो, गेले कुठे! ठणठणीत आहेत. सगळ्या जगाचं बोलणं बंद पाडून ओरडतायत. गज कुजलाय, बाजूला व्हा!" तुमचं बोलणं त्यांनी तोंडात ब्रश असताना ऐकलं, आणि उत्तर देऊन देऊन थकले तेव्हा त्यांना कळलं की तुम्हाला ते ऐकूच येत नाहीये.

मग खोलीतली माणसं. बायको लगेच पोरीला उचलून निघाली. नवरा ऐकेना. "पंप चालू आहे, टाकी भरतेय. असा सोडून गेलो तर गावाला पाणी नाही." डॉक्टर म्हणाले, "गावाला पाणी मी पाजतो, तू चल!" त्याला त्यांनी अक्षरशः ढकलत नेलं. आम्ही रस्त्याच्या वळणाशी पोचलो. वारा उठला होता. आणि बायकोला आठवलं, "अगंबाई, स्टोव्ह!" पोरगी नवऱ्याच्या हातात देऊन ती मागे पळाली.

मी तिच्या मागे गेले. शहाणपणा नव्हे, पाय गेले. ती दारात पोचली तेव्हा मला भाजीचा वाफा दिसला. मामा, ती माती फुगत होती. खालून कोणी डोकं वर काढावं तशी. मी तिचा दंड धरून ओढलं. ती म्हणत होती, "थांबा, वात—" आणि गज सुटला. मोठा आवाजही झाला नाही, चिखलातून पाय काढावा तसा. पण त्याच्यामागून ती तार सुटली, चाबकासारखी. तिने माझा खांदा फाडला, मग मी काही बघितलं नाही. आम्ही दोघी टाकीच्या भिंतीला चिकटून होतो. मनोरा मोडताना मी फक्त ऐकला. खूप वेळ पडतच होता असं वाटलं.

खोलीचं छप्पर बसलं. त्यांची खाट जिथे होती तिथे आता लोखंड आहे. पत्रा उडून तिच्या मनगटावर बसला, हाड मोडलंय, पण ती बरी आहे. पोरीला खरचटलंही नाही. डॉक्टरांच्या गाडीचं टप चपटं झालं. ते सपाता फरफटत तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "नाहीतरी तो गज किडलेलाच होता, उपटायलाच हवा होता." आणि खाली बसून रडले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं.

गज पाहिला. मातीच्या वर अंगठ्यापेक्षा जाड. खाली विणायच्या सुईएवढा.

शर्यत पुढे ढकलली. आईला सगळं कळलंय. ती नुसती माझ्याजवळ बसून राहते. मला अजून डोळे मिटले की ती टेकडी सरकते. काल दुकानात शिडीच्या दुसऱ्या पायरीवर उभी राहिले आणि घाम फुटला, उतरले. पंपवाल्याचं बिऱ्हाड डॉक्टरांच्या मागच्या खोल्यांत राहतंय.

जखम शिवून झाल्यावर डॉक्टरांच्या घरून मीच फोन केला होता. ताई उचलेल असं वाटलं होतं. तर तुमचाच आवाज आला. बोलून उपयोग नव्हता. तुम्ही सांगितलंत तसं मी लगेच ठेवला, पण पुन्हा लावला तर लाइन लागेना. एक्स्चेंज नुसतं गुरगुरत होतं. मी तिकडे रडतेय, डॉक्टर नंबर फिरवतायत, फिरवतायत. तेवढ्या वेळात तुम्ही तिथे काय केलंत? मला लिहा. तेच मनातून जात नाही.

तुमची,
ठिणगी


१ मार्च

चि. ठिणगे,

तुझं डाव्या हाताचं अक्षर ताईपेक्षा बरं आहे. खांद्याला पाणी लावू नकोस. आईला सांग, तिच्या भावाने तुला घाबरवलं म्हणून तू वाचलीस, तेव्हा रागवायचं तर माझ्यावर. शिडीवरून उतरलीस ते ठीक केलंस. चढायची घाई नाही.

तू विचारलंस ते लिहितो, आणि एकदाच लिहितो.

पत्र लिहून झाल्यावर घरात करण्यासारखं काही उरलं नाही. सेटवर बोलून घसा बसला होता. ताई यायला वेळ होता. मग मनात आलं, कोणी कळवायचं म्हटलं तर फोनच करेल. आणि तो वाजला तर मला कळणार कसं? तेव्हा खुर्ची ओढून फोनपाशी बसलो आणि त्याच्यावर तळहात ठेवला. घंटा ऐकू येत नाही, पण हाताला लागते. तसाच बसलो. पाणी प्यायला उठलो नाही. उठलो आणि नेमका तेव्हाच वाजला तर? हात बधिर झाला तर दुसरा ठेवायचो, पण पहिला काढायच्या आधी. उन्हाचा चौकोन भिंतीवरून जमिनीवर आला. मी मनात सारखा तो मनोरा उभा करत होतो आणि तो सारखा पडत होता. दर वेळी तू त्याच्यावर असायचीस.

मग हाताखाली फोन थरथरला.

उचलला. कानाला लावला, सवय म्हणून. काहीच नाही. दगड कानाला लावावा तसं. पलीकडे कोणीतरी आहे, ते मला सांगतंय, ज्याच्यासाठी मी सकाळपासून बसलोय तेच सांगतंय, आणि मला ते घेता येत नाही. तेव्हा जे सुचलं ते बोललो. "कोण आहे मला कळत नाही. मला ऐकू येत नाही. माझी भाची जिवंत असेल तर फोन ठेवा आणि पुन्हा वाजवा. नसेल तर वाजवू नका." आणि ठेवला.

ठेवल्यावर कळलं मी काय बोलून बसलो ते. आता तो वाजला नाही तर तेच उत्तर. मी स्वतःच ते तसं ठरवून दिलं होतं. हात पुन्हा फोनवर ठेवला. तो थंड होता. काही झालं नाही. रस्त्यावरून मोठी गाडी गेली, टेबल हललं, मला वाटलं वाजला. ती गेली. पुन्हा काही नाही. मी तुझ्या लहानपणाचं काही आठवायला गेलो, पण आठवेना. तुझा चेहराही येईना. तुझ्या आईला काय सांगायचं याची वाक्यं मात्र आपोआप यायला लागली, एकामागून एक, अगदी नीट. मी त्यांना थांबवू शकत नव्हतो. तिसरं का चौथं वाक्य चाललं होतं. मी हात काढून घेणार होतो, ठिणगे. खरं सांगतो. बोटं उचललीही होती.

तेव्हा तो थरथरला.

मी उचलला नाही. हात घट्ट दाबून धरला आणि वाजू दिला. तू पलीकडे किती वेळ धरून होतीस कोण जाणे. थांबेपर्यंत तो तसाच वाजू दिला.

मामा